न फिरणारा स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे आणि दाढीचाही नव्हे. मी भिंती आणि दारं-खिडक्या रंगवायचा ब्रश आहे. माझा दांडा स्टीलचा आहे. तो आता जागोजागी खरवडला आहे, पण वाकलेला नाही. मला हातात घेऊन लोक म्हणतात, "हा अजून पन्नास वर्षं जाईल." ते खरंच आहे. पण मी कशासाठी जन्मलो आणि माझं रूप घेऊन काय काय विकलं गेलं, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगतो.

मला एका नवरा-बायकोने मिळून घडवलं. तो लेथ मशीनवर काम करायचा. म्हणजे मशीनवर लोखंडाचा गज गरगर फिरत असतो आणि माणूस हत्याराने तो कातून त्याला हवा तो आकार देतो, ते काम. ती घरं रंगवायची. ती चांगली उंच होती आणि दिवसातला निम्मा वेळ शिडीवर असायची. म्हणून तिच्याबरोबर काम करणाऱ्या बायका तिला शिडीताई म्हणत.

माझ्या आधी तिच्याकडे लाकडी दांड्याचे ब्रश होते. मध्येच काम थांबलं की ते पाण्यात उभे करून ठेवावे लागतात, नाहीतर केस कडक होतात. पण लाकूड पाण्यात फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. असं चार-सहा महिने झालं, की केसांना धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी सैल होते. एकदा ती एका साहेबांकडे छत रंगवत होती. साहेब खाली उभे राहून सूचना देत होते. तेवढ्यात ब्रशचं मुंडकं निखळलं आणि थेट त्यांच्या टकलावर जाऊन बसलं.

घरी आल्यावर तिने हे सांगितलं, तेव्हा तो हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

"मग? साहेब काय म्हणाले?"

"म्हणतायत काय! इतक्या वर्षांनी डोक्यावर केस आले, तेही पांढरेशुभ्र!"

मग हसू आवरून ती म्हणाली, "अहो, दिवसभर दुसऱ्यांचं लोखंड कातता. मला एक दांडा करून द्या ना. न फुगणारा."

मी काही एका दिवसात झालो नाही. माझ्या आधी दोन दांडे झाले आणि दोन्ही नापास झाले. पहिला भरीव लोखंडाचा होता. तो घेऊन ती सकाळी गेली आणि दुपारी मनगट धरून परत आली. "हा ब्रश आहे की कुदळ?" एवढंच म्हणाली. दुसरा अॅल्युमिनियमचा होता. तो हलका होता, पण त्याचा काळा डाग हाताला लागायचा आणि हाताचा पांढऱ्या भिंतीला. शिवाय ओल्या हातातून तो मासळीसारखा निसटायचा.

तिसऱ्या वेळी त्याने घाई केली नाही. त्याने तिला मळलेल्या कणकेचा लांबट गोळा दिला आणि म्हणाला, "ब्रश धरतेस तसा धर. दाबू नकोस, नुसता धर." त्या कणकेवर तिच्या बोटांचे खळगे उठले. त्याने एकेक खळगा मोजला आणि पाटीवर लिहून घेतला. मग स्टीलची पातळ नळी घेतली, तिला त्या मापाने मध्ये पोट दिलं आणि मागे निमुळतं केलं. हात घसरू नये म्हणून पकडीच्या जागी बारीक खाचांची जाळी पाडली. आत रंग जाऊ नये म्हणून दोन्ही टोकं बंद केली. शेवटाला टांगायला भोक ठेवलं. तो मी.

पण माझ्यातली सगळ्यात चांगली गोष्ट त्याने शोधलेली नाही. ती तिची. मी जवळजवळ तयार झालो होतो, तेव्हा ती म्हणाली, "केस तर झिजणारच. पण केस झिजले म्हणून दांडा का टाकायचा? इथे एक स्क्रू द्या. जुने केस काढायचे, नवे बसवायचे."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. म्हणाला, "हे मला का नाही सुचलं?"

"कारण भांडी तुम्ही घासत नाही," ती म्हणाली. "टिकणाऱ्या वस्तूची काळजी घासणाऱ्यालाच असते."

मित्रांनो, त्यानंतरची अकरा वर्षं मी सुखात होतो. त्या काळात सात वेळा माझे केस बदलले, पण दांडा तोच राहिला आणि स्क्रूही तोच. थंडीत मी गारठलेला असायचो आणि तिच्या बोटांना झोंबायचो. म्हणून काम सुरू करण्याआधी ती मला थोडा वेळ काखेत धरून ठेवायची. रोज संध्याकाळी ती मला धुवायची, पुसायची आणि मोरीजवळच्या खिळ्याला टांगायची. तो खिळा त्यानेच ठोकला होता. मी दवाखाने रंगवले, जिने रंगवले, एका आंधळ्या बाईंची खोली रंगवली. त्या बाई म्हणाल्या होत्या, "रंग कोणताही द्या, पण हात गुळगुळीत फिरला पाहिजे."

तिच्याबरोबरच्या तीन बायकांना माझा फार हेवा वाटायचा. त्यांच्यातली एक चष्मेवाली होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणायची, "शिडीताई, नवऱ्याने बायकोला दागिने केलेले ऐकलेत. तुझ्या नवऱ्याने ब्रश केला, आणि तू तो दागिन्यासारखा मिरवतेस!"

"तुलाही देईन गं करून," ती म्हणायची. घरी ती त्याला सांगायचीही. तो म्हणायचा, "सवड झाली की करतो." सवड काही झाली नाही.

आता मी जे सांगणार आहे, ते सांगताना मला अजूनही जड जातं.

एके दिवशी तो तिला म्हणाला, "ब्रशची पकड गुळगुळीत झालीय. कारखान्यात नेतो, जाळी पुन्हा पाडून आणतो." तिने मला फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. माझी पकड गुळगुळीत झालेली नव्हती. मला ते माहीत होतं आणि त्यालाही.

त्याने मला कारखान्याच्या मालकापुढे ठेवलं. मालकाने मला उलटंसुलटं करून पाहिलं, हातात तोललं आणि खूश झाला. मग त्याचं बोट स्क्रूवर थांबलं.

"हा कशाला?"

"केस झिजले की बदलायचे. दांडा तोच राहतो."

"म्हणजे एकदा घेतला की गिऱ्हाईक परत येणारच नाही?"

"दांड्यासाठी नाही."

"मग मी काय माशा मारत बसू?" मालक हसला. थोडा विचार करून म्हणाला, "असं कर. स्क्रू दिसू दे. लोकांना स्क्रू बघून भरवसा वाटतो. फक्त तो फिरायला नको."

मला वाटलं, आता हा मला उचलेल आणि घरी नेईल. पण तसं झालं नाही. वीस वर्षं मशीनपुढे उभं राहून त्याचे गुडघे गेले होते. या ब्रशच्या बदल्यात मालकाने त्याला फोरमन करायचं कबूल केलं होतं, आणि फोरमनला बसायला खुर्ची असते. तो मालकाला म्हणाला, "ठसा मारता येईल. वरून हुबेहूब स्क्रू दिसेल."

तो ठसा त्याने स्वतः बनवला. मी शेजारी टेबलावर पडलो होतो. माझ्याच स्क्रूचं माप घेऊन त्याने खोटा स्क्रू केला. ज्या हातांनी तिच्या बोटांचे खळगे मोजले होते, तेच हात होते ते. आठ दिवसांनी मी घरी आलो. "झाली का जाळी?" तिने विचारलं. "झाली," तो म्हणाला.

पुढे काही महिन्यांनी ती रंगाच्या दुकानात गेली. मी तिच्या पिशवीत होतो. भिंतीवर ओळीने माझ्यासारखे चाळीस-पन्नास ब्रश लटकत होते. तेच पोट, तीच जाळी, तोच स्क्रू. मित्रांनो, तिला काय वाटलं सांगू? तिला आनंद झाला! तिला वाटलं, नवऱ्याने गुपचूप मालकाच्या गळी उतरवून सगळ्यांसाठी ब्रश केले. तिने तिघींना तिथेच बोलावून घेतलं. "डोळे झाकून घ्या," ती म्हणाली. "माझा शब्द. जन्मभर पुरेल." तिघींनी घेतले. त्यांच्या सांगण्यावरून आणखी कितीतरी जणांनी घेतले.

सहा महिन्यांत केस गळायला लागले. ओल्या रंगात केस चिकटले, की सगळं दार खरवडून पुन्हा रंगवावं लागतं. चष्मेवालीचं एक काम त्यामुळे हातचं गेलं. ती ब्रश घेऊन घरी आली. "शिडीताई, केस बदलायला बसले, तर हा स्क्रू फिरतच नाही गं. तूच बघ."

तिने पेचकस घेतला आणि स्क्रूवर टेकवून जोर लावला. पेचकस घसरला आणि तिच्या तळहातात घुसला. रक्त पुसून ती ब्रश उजेडात घेऊन गेली. मग तिने मला खिळ्यावरून काढलं आणि आम्हा दोघांना शेजारी धरलं. माझ्या स्क्रूला खाच होती. त्याच्यावर नुसता खाचेचा ठसा होता.

तो कामावरून आला, तेव्हा चष्मेवाली गेली होती. ती दोन्ही ब्रश पुढ्यात घेऊन बसली होती.

"हा ठसा कुणी बनवला?"

"मालकांनी बनवून घेतला कुणाकडून तरी."

"इतका नेमका मधोमध ठसा तुमच्याशिवाय कुणाचा पडत नाही," ती म्हणाली.

तो खाली बसला. "माझे गुडघे गेलेत गं. ते खुर्ची देतो म्हणाले."

"मला सांगायचं होतं. मी काय नाही म्हणाले असते? मीच म्हणाले असते, द्या ब्रश, घ्या खुर्ची." तिने माझ्या स्क्रूवर बोट ठेवलं. "पण स्क्रू ठेवून."

ती ओरडली नाही, रडली नाही. उठून तिने पानं वाढली. मला मात्र तिने त्या खिळ्याला पुन्हा टांगलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून मला ट्रंकेच्या तळाशी ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी लाकडी दांड्याचा ब्रश आणला. त्याचं मुंडकं सैल झालं की ती तारेने बांधायची. तिघींपैकी दोघींनी तिच्याबरोबर काम करणं सोडलं. "तुझ्या शब्दावर घेतले होते," एवढंच त्या म्हणाल्या. चष्मेवाली तेवढी राहिली.

मला फसवलं गेलं, असं मी आजवर कुणाला म्हणालो नव्हतो. आज म्हणतो. त्याने मला फसवलं, आणि तिनेही मला टाकलं. माझा काय गुन्हा होता? माझा स्क्रू तर फिरत होता. पण मला पाहिलं की तिला तो ठसा आठवत असणार.

ट्रंकेत मी तीन वर्षांहून जास्त होतो. पत्र्याआडून सगळं ऐकू यायचं. एका सकाळी ती शिडी घेऊन निघालीच नाही. मग दवाखाना झाला, मग दोन महिने ती खाटेवर होती. तो कामावरून लवकर यायचा, तिच्या उशाशी बसायचा. नळाला पाणी आलं का, दूध नासलं का, औषध घेतलं का, असं रोजचं बोलायचा. कधीकधी बोलता बोलता थांबायचा. मी कान टवकारायचो. मला वाटायचं, आता त्या ठशाचं बोलेल. मग तो म्हणायचा, "खिडकी लावू का? वारा येतोय."

ती गेली. ट्रंकेजवळ बरेच दिवस कुणी आलं नाही.

त्याने मला बाहेर काढलं, तेव्हा त्याची नोकरी सुटली होती. त्याने कागद उलगडला, माझा स्क्रू फिरवला, तो फिरला. मग तो चष्मेवालीच्या घरी गेला आणि म्हणाला, "तुमच्याकडे तो ब्रश अजून असेल, तर द्या." तिच्याकडे तो होता. त्याच्या दांड्याने ती रंगाचे डबे उघडायची.

घरी आणून त्याने तो ठसा ड्रिलने काढून टाकला. त्या जागी आरपार भोक पाडलं, आत स्क्रूचे आटे पाडले, खरा स्क्रू बसवला, नवे केस लावले. चष्मेवाली समोर स्टुलावर बसून बघत होती. झाल्यावर त्याने ब्रश तिच्या हातात दिला. तिने पेचकस लावला. स्क्रू फिरला, पुन्हा घट्ट झाला.

"किती वेळ लागला हो, भाऊजी?" तिने विचारलं.

त्याने घड्याळ पाहिलं. "पाऊण तास."

तिने चष्मा काढून पदराला पुसला. "पाऊण तास," ती म्हणाली. "आणि हे कळल्यावर ती तीन वर्षं होती की."

तिने ब्रश घेतला आणि ती घरी गेली. त्याने पेचकस पुसून माझ्याशेजारी ठेवला.

आता लोक त्याच्याकडे ते जुने ब्रश घेऊन येतात आणि तो दुरुस्त करून देतो. माप घ्यायला मी टेबलावर असतो. मी त्याला माफ केलंय, असं सांगून मला मोठेपणा घ्यायचा नाही. माफ करायचं की नाही, हे जिने ठरवायचं, ती इथे नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. ब्रश वापरून झाला की धुऊन, पुसून टांगत जा, हे तर आहेच. पण घरात कुणाचं काही तुमच्या हातून मोडलं असेल, एखादी वस्तू किंवा दिलेला शब्द, आणि ते नीट करणं पाऊण तासाचं काम असेल, तर आज जेवायला बसण्याआधी ते करून टाका.