दोन सुकाणूंची होडी

उत्सवाच्या दिवशी देव नदीत फेरा घालतो तो एका होडीतून नाही. दोन लांब होड्या शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यावर पुढे-मागे आडवे वासे बांधतात, वाशांवर फळ्यांचा चौथरा आणि चौथऱ्यावर मखर. होड्या दोन, म्हणून सुकाणूही दोन. आणि ती दोन्ही सांभाळायचे आमच्या आळीतले दोघे सख्खे भाऊ, जे एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते.

कारण वडिलांची होडी. थोरला होड्या बांधणारा सुतार. वडील गेल्यावर त्याने ती मोडली आणि फळ्या दुसऱ्या कामाला लावल्या. "कुजली होती," तो म्हणाला. "मला विचारायचं तरी होतंस," धाकटा म्हणाला, आणि तिथून जो अबोला धरला तो धरलाच. धाकटा इंजिनं दुरुस्त करायचा. शेड दोघांची एकच. एकीकडे रंधा, दुसरीकडे इंजिनाची धडधड, आणि मधे दोन पाठी. निरोप द्यायला मोठी बहीण, अक्का. तिचं शिवणाचं दुकान समोरच होतं.

"अक्का, त्याला सांग, माझा पाना दे."

"अरे, तो तुझ्या कोपराला लागून उभाय!"

"तरी सांग."

अक्का सांगायची. वर म्हणायची, "मेल्यांनो, मला पोस्टमन केलंत, निदान सायकल तरी घेऊन द्या!"

त्या वर्षी देवाजवळ चौथऱ्यावर बसायचा मान अक्काला मिळाला. मखराची झालर तिनेच शिवली होती. मी धाकट्याच्या होडीत वल्ह्यावर होतो. एरवी मी बेकरीत पीठ मळतो, त्यामुळे दंडात जोर आहे एवढीच माझी लायकी. ऊन उतरलं तशी आम्ही निघालो. दोन्ही काठांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. फुलं थेट आमच्या डोक्यांवर पडत होती. दोघे भाऊ आपापल्या होडीच्या मागच्या टोकाला, सुकाणू धरून, नजर समोर. एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते, पण होड्या अशा वळायच्या की वाटावं, एकाच लाकडातून कोरल्यात. मला दरवर्षी त्याचं नवल वाटायचं.

पुलाच्या अलीकडे प्रवाहाला ओढ आहे. तिथे ताडकन आवाज झाला. पुढच्या वाशाची बांधणी सुटली, होड्यांची तोंडं फाकली आणि चौथरा कलला. समई पाण्यात गेली. मूर्ती घसरली, तशी अक्काने झेप घेऊन तिला मिठी मारली आणि मखराच्या खांबाला पाय रोवले.

थोरला ओरडला, "अक्का, त्याला सांग, वल्ही थांबव!"

"देव धरू की तुमचे निरोप?" अक्का तिथूनच कडाडली. "तुमचं तुम्ही बोला!"

थोरल्याने एकदा पुलाच्या खांबाकडे पाहिलं. मग घसा फाटेल अशी हाक मारली, "गुंड्या! वल्ही थांबव!"

हे लहानपणीचं नाव आम्ही विसरूनही गेलो होतो. धाकटा मात्र तत्काळ बोलला, "थांबवून नाही चालायचं, दादा! खांबावर जाऊ! तोंडं जवळ आणू. बाहेरची वल्ही मारा, आतली उचला. माझ्या हाकेवर!"

नदीवर थोरल्याचा शब्द शेवटचा, ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. त्याने तो मान क्षणभरही धरून ठेवला नाही. "मारा रे! गुंड्या म्हणतोय तसं!"

धाकटा हाक देत होता, आम्ही मारत होतो. वल्हं नाही, नदीच उचलतोय असं वाटत होतं.

"सुकाणू हलकं धर, दादा!"

"मला शिकवू नकोस!"

"मग धर ना!"

त्याने धरलं. इतकं हलकं, की दोन्ही तोंडं एकमेकांना टेकली तेव्हा साधा खरचटल्याचा आवाज झाला. पुढच्या वल्हेकऱ्यांनी कडा पकडल्या, दुसरा दोर गुंडाळला, आणि खांब आमच्या बाजूने निघून गेला. हात लांब केला असता तर लागला असता. काठ असा गरजला की माझ्या कानठळ्या बसल्या. नदीकाठी जन्म गेला माझा, पण असं सुकाणू मी पाहिलं नव्हतं, आणि भर प्रवाहात धाकट्याचं ऐकणारा थोरलाही नव्हता पाहिला.

काठाला लागलो तेव्हा अक्काचे हात आखडले होते. पुजाऱ्यांनी मूर्ती अलगद सोडवून घेतली आणि आधी अक्कालाच नमस्कार केला. माणसं तिच्या पाया पडायला लागली तशी ती वैतागली. "अरे, पाणी द्या कुणीतरी! पाया कसले पडता?"

तेवढ्यात मागून आवाज चढले.

"गाठ तुझ्या बाजूची सुटली, गुंड्या!"

"गाठ नाही, दोर तुटला! आणि दोर कुणी आणला?"

"मी आणला, पण ओला करून बांध म्हणालो होतो ना?"

"कधी? कुणाला?"

"अक्काला!"

दोघे छातीला छाती भिडवून उभे. मी सोडवायला धावलो, तर अक्काने माझा दंड पकडला.

"खबरदार मधे पडलास तर," ती म्हणाली. डोळे भरले होते आणि ती हसत होती. "भांडू देत पोटभर."

मग ती पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडले, आणि गाणं ऐकावं तशी ते भांडण ऐकत राहिली.