लंकाबाईंची नवी गोळी

पायांवर सूज दिसली आणि लंकाबाईंनी मनातल्या मनात स्वतःचं तेरावंही उरकून टाकलं.

थोरल्या भावाचं, दादाभाऊचं, अस्संच झालं होतं. आधी साखर, मग पाय सुजले, मग किडन्या गेल्या, आणि डायलिसिससाठी पुण्याच्या खेपा घालता घालता माणूसच गेला. २००३ साली साखरेपायी लंकाबाईंच्याही लघवीतून प्रथिनं जायला लागली, तेव्हा मंचरच्या डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली.

"मावशी, तुमच्या अंगात इन्सुलिन आहे, पण अंग त्याचं ऐकत नाही. ही गोळी त्याला ऐकायला लावते. साखर उतरेल, किडनीही वाचेल अशी आशा आहे."

आणि आता ही सूज. जोडवी बोटांत रुतायला लागली तरी बाई गप्प. नवऱ्यासमोर, हौशीरामांसमोर, लुगडं टाचेखाली ओढून बसायच्या. तोंडातून काढलं की खरं होईल, अशी धास्ती.

पण अवसरीच्या रानात बटाटे वेचताना त्या मटकन खाली बसल्या आणि हौशीरामांना पाय दिसले. हा माणूस उभ्या जन्मात बायकोशी थट्टेशिवाय बोललेला नाही. त्या दिवशी त्यांना थट्टा सुचेना. त्यानंच लंकाबाई जास्त घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. रक्त, लघवी, ईसीजी, सगळं झालं. डॉक्टर रिपोर्ट उघडतात न उघडतात तोच हौशीराम उठून उभे राहिले.

"डॉक्टर, माजी एक किडनी काढून हिला घाला. तंबाकू आजपासून सोडली. पर हिला भावावानी जाऊ देऊ नगा."

लंकाबाईंनी नवऱ्याकडं वळून पाहिलं. इतकी वर्षं हे कुठं ठेवलं होतं या माणसानं?

"अहो, बसा," डॉक्टर हसले. "किडनी ठीक आहे. प्रथिनं निम्म्याहून कमी झालीत. ही सूज गोळीची आहे, काहींच्या अंगात ती पाणी धरते. हृदयही चांगलं आहे. गोळी निम्मी करू, मीठ कमी करा. सूज वाढली, दम लागला तर लगेच यायचं. लपवायचं नाही, मावशी!"

हौशीरामांनी टोपीनं डोळे पुसले. "मंग त्ये तंबाकूचं ऱ्हाऊ द्या."

लंकाबाईंना लई जगावंसं वाटलं, या माणसाला घेऊन.

"किडनी ठिवा तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या आणि डॉक्टरांच्या देखत हात पुढं केला. "तंबाकूची चंची आना इकडं."

हौशीरामांनी ती काढून त्यांच्या हातावर ठेवली.