पायाळूची टाच

धुरपता आईच्या पोटातून पायाकडून आली, म्हणजे पायाळू. पायाळू माणसाची लाथ लागली की कमरेतली चमक उतरते, हे आंधळगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे सातव्या वर्षापासून तिच्या उजव्या पायाला गावात मान होता. बाकीच्या धुरपताला नव्हता. गावातल्या मोठमोठ्या पाठींवर तिची टाच चालायची, पण त्याच घरांत पाण्याच्या पितळी गुंडाला तिचा हात चालत नसे. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेऊन जुनं सगळं सोडलं होतं. गावाने काही सोडलं नव्हतं.

पन्नाशीत त्याच टाचेने तिला दगा दिला. सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवला की टाचेत दाभण घुसल्यासारखं होई. दहा पावलं भिंत धरून टाकली की जरा सैल पडे, आणि बसून उठली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तिने वीट तापवून, वर रुईचं पान ठेवून टाच शेकली. बिब्ब्याचा चटका दिला, तर दुखणं राहिलं जागच्या जागी आणि वर फोड आला. शेजारच्या ताराबाईने सांगितलं, हाड वाढलं, आता ते वाढतच जाणार. दुसऱ्याच्या दुखण्यात अशी गोड बातमी द्यायची ताराबाईला भारी हौस.

शेवटी मुलगी रश्मी तिला तुमसरला डॉक्टरकडे घेऊन गेली. रश्मी भंडाऱ्याला नर्सिंग शिकत होती आणि बिब्बा म्हटला की तिचं डोकं फिरायचं. डॉक्टरने टाच दाबली, धुरपता ओरडली. हाडबीड काही नाही, तो म्हणाला, तळव्याची शीर ताणून सुजली आहे. गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. उठण्याआधी पंजाला टॉवेल अडकवून आपल्याकडे ओढायचा. काही महिने लागतील, पण बरी होईल.

"एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कडक फरशीवर अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. घरात असलात तरी मऊ चप्पल. नाही तर बाकीचं सगळं वाया."

धुरपताच्या घरात सारवलेली जमीन होती. कडक फरशी होती ती चंद्रभागाबाईकडे. तिथे ती एकोणीस वर्षं झाडूपोछा आणि भांडी करत होती, रोजचे पाच तास, अनवाणी. रश्मीने निळ्या, मऊ चपला घेतल्या आणि धुरपता त्या पिशवीतून तशाच कोऱ्या घेऊन गेली.

"बाई, डॉक्टरनं सांगतलं, फरशीवर चप्पल घालूनच काम कर म्हणून. ह्या नव्या हायेत. बाहेर घालतच नाई मी. इथंच कोपऱ्यात ठेवीन."

"घरात देव हाये, धुरपता."

"तुमी घालता ना, बाई."

चंद्रभागाबाईने आपल्या पायांतल्या गुलाबी चपलांकडे पाहिलं. "ह्या घरच्या हायेत."

"ह्या बी घरच्याच राहतीन."

"तुले सांगू का, पायाले असे लाड लावू नोको. माही माय जनमभर अनवाणी चालली."

ती माय शेवटची बारा वर्षं खाटेवर पडून होती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण काम करणाऱ्या बाईने असलं काही आठवायचं नसतं. धुरपताने चपला पिशवीत घातल्या आणि पोछा हातात घेतला. पुढचे दोन महिने ती सकाळी टॉवेल ओढे, संध्याकाळी बाटली फिरवे, आणि मधल्या पाच तासांत ती फरशी सगळं धुऊन नेई. डॉक्टर म्हणाला, असंच चाललं तर टाचेत सुई द्यावी लागेल. त्या सुईच्या नुसत्या विचाराने तिची झोप उडाली.

मग एक दिवस लोणच्याची बरणी उचलताना चंद्रभागाबाईच्या कमरेत चमक भरली. दोन दिवस गोळ्या झाल्या, मलम झालं, बाई खाटेवरून हलेना. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिचा नवरा सेवकराम धुरपताच्या दारात उभा राहिला. एकोणीस वर्षांत त्या वस्तीत त्याची गाडी पहिल्यांदा आली. अडला हरी गाढवाचे पाय धरतो म्हणतात. इथे तर कामच पायाशी होतं.

"चाल वं धुरपता, बहुत तरास होऊन राहिला तिले."

सुट्टीवर आलेली रश्मी आतून म्हणाली, "माय, जाऊ नोको. लाथेनं कंबर बरी होत असन, तं तुही टाच काहून नाई होत?"

धुरपताला एवढंच दिसलं की अशी वेळ पुन्हा यायची नाही. या पायासाठी तिने आजवर कोणाजवळ काही मागितलं नव्हतं.

"येतो मालक. पण मी घरात चप्पल घालून येईन. आज बी, अन् कामाले बी."

"ये बापा, कशी बी ये."

चमक उतरवायची रीत अशी की सलग तीन दिवस सकाळी, सूर्य निघायच्या आत, टाचेने पाठीला सात वेळा स्पर्श करायचा. चंद्रभागाबाई नवऱ्याच्या आधाराने उंबऱ्यावर पाठमोरी बसली. धुरपताने खाटेजवळ चपला काढल्या, भिंत धरली आणि तीच सुजलेली टाच बाईच्या कमरेला लावली. सातही वेळा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई म्हणाली, "बरं वाटते वं."

मग धुरपताने चपला पायांत घातल्या आणि सगळं घर झाडून पुसून काढलं. कोणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी बाई खाटेवरून म्हणाली, "चप्पल मऊ दिसते तुही." धुरपता दिवसभर त्या एका वाक्यावर खूश होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती संध्याकाळी न लंगडता घरी आली. बाई मनाने वाईट नाही, ती रश्मीला म्हणाली, दुखण्यातूनच माणसाला दुसऱ्याचं दुखणं कळतं.

तिसऱ्या सकाळी सातवा स्पर्श झाला. बाई उंबऱ्यावरून उठली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि हसली. धुरपताही हसली. तशीच अनवाणी ती मागच्या नळावर बादली भरायला गेली, कारण नळ दहा पावलांवरच होता.

परत आली तेव्हा चंद्रभागाबाई खाटेजवळ वाकली होती. चार दिवसांत जिला कूस बदलता आली नव्हती ती बाई थेट जमिनीपर्यंत वाकली होती, आणि तोंडातून हाय नाही की हूय नाही. तिने वर्तमानपत्राच्या तुकड्यात दोन बोटांनी निळ्या चपला धरल्या, ताठ कमरेने अंगण ओलांडलं आणि फाटकाबाहेर टाकून दिल्या.

"उतरली वं चमक," ती हात धुता धुता म्हणाली. "आता उद्यापासून आधीसारखं. अन् आज फरशी दोनदा पुसून घे, फिनाईल टाकून. तीन दिवस चप्पल फिरली घरभर."

धुरपता बादली धरून उभी राहिली. गार फरशीतून कळ निघाली ती पार मस्तकात गेली. संताप आला, पण बाईचा कमी आणि आपलाच जास्त. दोन दिवस आपण खुळ्यासारखे खूश होतो याची तिला लाज वाटली. तिने बादली खाली ठेवली, पोछा तिच्यात टाकला आणि बाहेर आली. एक चप्पल फाटकाशी होती, दुसरी नालीच्या काठावर. तिने त्या घातल्या. मागून "काहून वं, काय झालं?" असं ऐकू आलं, पण ती वळली नाही.

घरी रश्मी बाटलीला फडकं गुंडाळत होती. आईला एवढ्या लवकर आलेली पाहून तिने विचारलं, "काय माय? आला का तुह्या लाथेचा गुण?"

धुरपता खाटेवर बसली, बाटलीवर टाच ठेवली आणि पाय मागेपुढे करू लागली.

"आला," ती म्हणाली. "अशी वाकली, का मी पायतच राहिली."