पंचविसाव्या पानावरचा शब्द

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, मित्रांनो. माझी पाठ दोनदा शिवलेली आहे आणि शेवटची चार पाने कसरीने खाल्ली आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. 'झेड'च्या शब्दावाचून कुणाचे अडल्याचे मी कधी पाहिले नाही. पण माझ्या पंचविसाव्या पानाला एक भोक आहे आणि ते कसरीने पाडलेले नाही. त्या भोकाची हकिकत सांगायची म्हणूनच मी आज बोलतो आहे.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. खिळे जुळवणाऱ्या कामगारांनी एकेक अक्षर वेचून मला उभे केले. जाड भिंगाचा चष्मा लावलेले एक म्हातारे गृहस्थ माझा प्रत्येक शब्द मोठ्याने दोनदा वाचत आणि मगच पान पुढे सरकवत. तेव्हापासून मला अचूकपणाची सवय लागली, खोडच म्हणा ना. कुणी चुकीचा अर्थ सांगितला की मला आजही सहन होत नाही.

व्यंकटरावांनी मला परभणीच्या दुकानातून विकत घेतले, तेव्हा ते मानवतच्या शाळेत नुकतेच इंग्रजीचे शिक्षक झाले होते. एसटीत त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवले नाही. घरी येताच खाकी कागदाचे कव्हर घातले. रोज त्यांच्या काखेत बसून मी वर्गात जात असे. "अडलं की अंदाज करायचा न्हाई. कोश उघडायचा," असे ते मुलांना सांगत. मला हात लावण्याआधी मुलांना हात धुवावे लागत. ते दिवस फार मानाचे होते, मित्रांनो.

घरासमोर भुजंगचे धान्याचे दुकान होते. त्याचे वडील फार पूर्वी बीडकडून कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला आले होते. भुजंग मात्र मानवतलाच जन्मला आणि इथेच वाढला. व्यंकटरावांच्या पत्नीला, सुमंगलाबाईंना, भाऊ नव्हता. त्यांच्या मुलाची, मुकुलची, मुंज ठरली तेव्हा मामाच्या जागी कोणाला उभे करायचे, असा प्रश्न पडला. भुजंग आपणहून पुढे आला. "ताई, मी हाय की," म्हणाला आणि मुकुलला खांद्यावर घेऊन मांडवभर मिरवले. त्या दिवसापासून त्याची बायको दगडाबाई सुमंगलाबाईंना 'वन्स' म्हणू लागली, जशी नवऱ्याच्या सख्ख्या बहिणीला म्हणतात तशी.

चार वर्षांनी गावात निवडणूक आली. भुजंग उभा राहिला. त्याच्या विरुद्ध उभ्या असलेल्या पुढाऱ्याला भाषण लिहून हवे होते. तो व्यंकटरावांकडे आला. "तुमच्यासारखी भाषा पंचक्रोशीत कुणाची न्हाई सर," म्हणाला. स्तुतीला कोण भुलत नाही? व्यंकटरावांनी मला पुढ्यात घेतले आणि पंचविसावे पान उघडले. 'एलियन' या शब्दाखाली माझ्यात तीन अर्थ छापलेले होते. परदेशी, परका, उपरा.

"परदेशी म्हणावं तर खोटं हाय. परका जरा मऊ पडतंय," ते स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांनी लाल पेन्सिल घेऊन तिसऱ्या अर्थाखाली ठसठशीत रेघ ओढली.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला अभिमान वाटला. किती नेमका शब्द आपण काढून दिला, असे वाटले.

ते भाषण मला पाठ आहे, कारण ते माझ्यावरच कागद ठेवून लिहिले गेले. आधी देशावरचे प्रेम होते. मग मराठवाड्याच्या मुक्तीसाठी सांडलेले रक्त होते. मग मातीची शपथ होती. लोकांचा ऊर भरून आला की मग ते वाक्य होते. 'ज्यांची नाळ या मातीत पुरलेली नाही, त्यांना या गावाची काय पडली आहे? गाव आपले आहे, उपऱ्यांचे नाही!' बाजारात टाळ्यांचा कडकडाट झाला, भारतमातेचा जयजयकार झाला. भुजंगची नाळ याच मातीत पुरली होती, हे व्यंकटरावांना माहीत होते. तरी त्या टाळ्या ऐकून ते हसत हसत घरी आले.

भुजंग पडला. निवडणुकीत कोणीतरी पडतेच, त्याचे काही नाही. पण तो शब्द निवडणुकीनंतरही गावात राहिला. पोरे दुकानावरून जाताना तो ओरडून पळत. जुनी गिऱ्हाइके हळूहळू पलीकडच्या दुकानात जाऊ लागली.

एका सकाळी भुजंग आमच्या पायरीशी आला. आत मात्र आला नाही.

"गुर्जी, भाषण लय चांगलं झालं. पर त्यो सबूद पुढाऱ्याचा न्हाई. तुमचा हाय. मी वळखला."

व्यंकटराव वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "अरे, निवडणुकीत बोलतात तसं. मनावर घ्यायचं नसतं."

त्या उन्हाळ्यात भुजंगने दुकान बंद केले आणि दगडाबाईच्या माहेरी, वालूरला, कायमचा निघून गेला. सुमंगलाबाई दारात उभ्या राहून ट्रकमध्ये सामान चढताना पाहत होत्या. ट्रक दिसेनासा झाला तसे त्यांनी दार लावून घेतले.

वर्षे गेली. व्यंकटराव निवृत्त झाले. मुकुल इंजिनियर होऊन अमेरिकेला गेला. घरात मोबाइल आला आणि शब्दांचे अर्थ तोच सांगू लागला, अर्धे चुकीचे. मी कपाटावर गेलो. धूळ बसली. माझ्या शेजारी मुकुलच्या मुंजीतल्या पळी-पंचपात्राचे गाठोडे होते, तेवढीच काय ती सोबत.

मग एक दिवस मला पुन्हा खाली काढले गेले. मुकुलचा मुलगा अथर्व फोनवर छातीशी हात धरून काहीतरी म्हणून दाखवत होता. तिथल्या शाळेत रोज झेंड्यासमोर ती शपथ म्हणतात. त्यातला 'अलीजन्स' हा शब्द व्यंकटरावांना नीट सांगायचा होता. तो माझ्या सव्विसाव्या पानावर होता, म्हणजे त्याच कागदाच्या मागच्या बाजूला.

"निष्ठा," त्यांनी वाचले. "देशावरची निष्ठा."

"म्हणजे आपल्या शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसंच की," सुमंगलाबाई कौतुकाने म्हणाल्या.

अथर्व तिथला नागरिक होता, जन्माने. मुकुल आणि सूनबाई नव्हते. तिथे कायमचे राहण्याचा त्यांचा अर्ज कित्येक वर्षे रांगेत पडून होता. पण अथर्वची मुंज मानवतलाच करायची, माघातल्या मुहूर्तावर, असे सर्वांचे ठरले होते. सहा वर्षांत मुकुलचे पाऊल घराला लागले नव्हते. सुमंगलाबाईंनी लंगोटीचे कापड हळदीत भिजवले, भिक्षावळीची झोळी शिवली. त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

नेमकी तेव्हाच तिकडच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. तिथली संध्याकाळची सभा आपल्याकडे सकाळच्या चहाला दिसे. व्यंकटराव मला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसत. एक उमेदवार होता. त्याच्या मागे झेंड्यांची रांग असे. आधी देशावरचे प्रेम, मग हुतात्म्यांचे रक्त, मग मातीची शपथ. लोकांचे डोळे ओले झाले की तो थोडा थांबे आणि मग एक शब्द उच्चारी. टाळ्या पडत. व्यंकटराव हातातली बशी खाली ठेवत. भाषा परकी होती, पण हे भाषण त्यांनी ओळखले होते.

"हे सारखं एलियन एलियन काय म्हणायलाय हो?" एकदा सुमंगलाबाईंनी विचारले. अथर्वने फोनवर एक चित्र दाखवले होते, हिरव्या अंगाचा, तीन डोळ्यांचा प्राणी. नाव तेच. "उडत्या तबकडीतून येतात ते का?"

व्यंकटरावांनी मला मिटले. मग म्हणाले, "हां. तेच."

मित्रांनो, जन्मभर ज्यांनी मुलांना अंदाज करू दिला नाही, त्यांनी मला मांडीवर ठेवून खोटा अर्थ सांगितला. मला फार राग आला. सुमंगलाबाई मात्र खळखळून हसल्या. "अगंबाई! एवढा मोठा देश अन् तबकडीला भितो!" त्यांनी हे शेजारणींनाही सांगितले. पुढे रोज तेच होऊ लागले. "आज काय म्हणायलाय?" "रस्ते बांधतो म्हणायलाय." "अन् आता?" "शाळा काढतो म्हणायलाय."

एका सकाळी मुकुलचा फोन आला. व्यंकटराव तो घेऊन ओसरीत गेले. वारे असे फिरले आहे की आता देशाबाहेर पडलात तर परत आत घेतीलच असे नाही, असे वकिलाने बजावले होते. मुंजीला येणे होणार नव्हते. "आईला इतक्यात सांगू नका बाबा," मुकुल म्हणाला. आत सुमंगलाबाई झोळीला काठ लावत होत्या.

नोव्हेंबरात व्यंकटराव हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. घरात कोणी नव्हते. सुमंगलाबाईंनी मला समोर ओढले. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. टीव्हीच्या खालच्या पट्टीवरून उतरवलेली पाच अक्षरे त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवली होती, थोडी वाकडी. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्या पंचविसाव्या पानावर पोहोचल्या. मला वाटले, आपण मिटून जावे. पण आम्हाला तसे करता येत नाही. जो उघडेल त्याला खरे सांगावे लागते.

"परदेशी. परका." त्यांचे बोट लाल रेघेवर येऊन थांबले. "म्हणजे आपला मुकुल," त्या हळूच म्हणाल्या. बोट तिथेच होते. मग आणखी हळू म्हणाल्या, "अन् भुजंगदादा."

व्यंकटराव परतले तेव्हा मी टेबलावर उघडाच होतो. सुमंगलाबाईंनी त्यांना आधी चहा दिला.

"ते तबकडीतले न्हाईत," त्या म्हणाल्या. "मुकुल येत न्हाई. ओसरीतला फोन झाला तेव्हाच मला कळलं. ही रेघ मात्र तुमची हाय ना?"

 व्यंकटरावांनी खोडरबर घेतले आणि ते रेघ घासू लागले. लाल पेन्सिल जुनी झाली की निघत नाही. ते घासत राहिले. शेवटी माझा कागद फाटला. तो शब्द गेला आणि मागच्या पानावरची निष्ठाही गेली.

"खोडून काय होतंय आता?" सुमंगलाबाई म्हणाल्या. "चला वालूरला."

दुसऱ्या दिवशी दोघे एसटीने निघाले. भुजंगची नात अर्पिता बारावीला आहे, असे कुणीतरी सांगितले होते. तिला द्यायला म्हणून मला पिशवीत घेतले होते. वालूरला दगडाबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि सूप खाली ठेवले.

"वन्स!"

भुजंग दोन वर्षांपूर्वीच वारला होता, हे मात्र कुणी सांगितले नव्हते. भिंतीवर त्याचा फोटो होता. व्यंकटरावांनी फोटोपुढे हात जोडले. "दगडाबाई, माझ्या हातून त्या वेळी…" इतकेच म्हणाले आणि अडकले.

"बसा गुर्जी. च्या टाकते," दगडाबाई म्हणाल्या. मग उठता उठता थांबल्या. "मुकुल बरा हाय न्हवं? टीवीवर काय बाय दावायलेत. तिकडं त्याला कुनी उपरा म्हनत न्हाई न्हवं?"

सुमंगलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. मीही पिशवीतून कान टवकारले. आता ते काय सांगणार, रस्ते की शाळा?

"म्हणतात," व्यंकटराव म्हणाले.

दगडाबाईंनी पदराने डोळे टिपले. "लेकराला म्हनावं, मनावर घेऊ नगं."

ते वाक्य व्यंकटरावांनी पायरीशी उभ्या असलेल्या भुजंगला सांगितले होते. आता ते त्याच्या बायकोकडून, त्यांच्याच मुलासाठी परत आले. व्यंकटराव खाली मातीत बसले आणि तोंड झाकून रडले. दगडाबाई त्यांच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवून चुलीकडे गेल्या.

मुंज पुढे ढकलली आहे. पुढे म्हणजे कधी, हे कुणी विचारत नाही. मी आता वालूरला राहतो. या घरात मी बाहेरून आलेला, फाटका, म्हातारा आहे. तरी दगडाबाईंनी मला पहिल्याच दिवशी कुंकू लावून कोनाड्यात जागा दिली. परवा अर्पिताने विचारले, "आजे, इथं भोक कशानं पडलं गं?" दगडाबाईंनी पान हाताने नीट केले आणि म्हणाल्या, "जुनं हाय ते. जपून उघडत जा."

मित्रांनो, मीही तुम्हाला तेवढेच सांगतो. उद्या तुम्ही भाषणे लिहाल, टाळ्या घ्याल, देशाची शपथ घ्याल. शब्द हवा असेल तेव्हा माझ्यासारख्या कुणालातरी उघडाल. आम्ही मागितलेला शब्द देतो, आम्हाला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते. म्हणून जपून उघडत जा.