दादाची रेघ

दादाच्या रक्ताची नळी मी स्वतः यंत्रात लावत नाही. ते काम शेजारच्या टेबलावरची सहकारी करते. आकडा मात्र मी बघतेच.

चार वर्षांपासून दर तीन महिन्यांनी तो आमच्या लॅबमध्ये येतो. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर घ्यायची, हे त्याला पाठ आहे. त्या गोळीतलं लिथियम रक्तात कमी पडलं तर मन सावरत नाही, थोडं जास्त झालं तर अंगावर येतं. म्हणून मोजायचं. दादाचा आकडा पॉइंट सातच्या आसपास असतो. त्या दिवशी पॉइंट तीन आला.

तो बाहेर बाकावर बसला होता.

"गोळ्या घेतोयस ना?"

"घेतो की."

"सगळ्या?"

"मास्तरीणबाई, उलटतपासणी जेवण झाल्यावर घ्या."

"दादा."

त्याने मान खाली घातली. "रात्रीची बंद केलीय. महिना झाला."

कारण मला ठाऊक आहे असं मला वाटलं. दादा पाट्या रंगवतो. माझा बारावीचा निकाल लागला त्या दुपारी त्याने शाळेच्या कंपाउंडवर माझं नाव पुरुषभर उंचीच्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं. आधी आखणीही केली नव्हती. आठवडाभर तो झोपलाच नव्हता, आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटत होतं. पुढच्या आठवड्यात त्याला पाण्याच्या टाकीवरून अग्निशमन दलाने उतरवलं.

"तो परत हवाय ना तुला?" मी विचारलं.

"कोण तो?"

"भिंतीवर माझं नाव लिहिणारा."

दादा हसला. "तो? तो मजा करून गेला आणि मागे आठ महिने मी अंथरुणात पडून होतो. तुझी वहिनी मला भरवायची. नको गं बाई, त्याला पत्ताही देऊ नकोस."

मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर ब्रशने ओढलेल्या रेघाच रेघा. वरच्या थरथरत्या, खाली येता येता जरा सरळ.

"दवाखान्याची पाटी परत आली. गिऱ्हाईक म्हणालं, अक्षरं थंडीने कुडकुडल्यासारखी दिसतात. गोळी सोडल्यावर हे खालचं बघ. मला फक्त हात हवाय."

मी कागद घेतला. चार वर्षं मी त्याचा आकडा बघत होते. हात एकदाही बघितला नव्हता.

"डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"ते झोप विचारतात, मन विचारतात. हातांचं कुणी विचारलं नाही."

"अरे, हा कंप औषधामुळेच येतो. डोस थोडा बदलता येतो, वेळ बदलता येते, कंपासाठी वेगळी गोळीही असते. पण ते त्यांनी ठरवायचं, रक्त बघत बघत. आपण आपलं बंद केलं की टाकी काही फार लांब नसते."

त्याने कागद परत घेऊन खिशात ठेवला. मग म्हणाला, "लाव फोन."

डॉक्टरांची त्याच दिवशी चारची वेळ मिळाली. फोन ठेवत मी विचारलं, "आणि चहा किती होतो दिवसात?"

"तो मोजायचा नसतो."

"आता मोजायचा. चहानेही हात थरथरतो."

निघताना मी त्याच्या हातात मार्कर दिला. लॅबच्या फ्रीजवरची चिठ्ठी निघून पडली होती. त्याने फ्रीजच्या दारावर लिहिलं, 'रक्ताचे नमुने'. वरची रेघ मध्येच हलली.

"पुसून टाक. नंतर नीट लिहून देतो."

मी पुसली नाही. डॉक्टरांनी डोस बदलून दिल्यावर तीन महिन्यांनी तो आला तेव्हा आकडा पॉइंट सहा होता. स्वतःच स्पिरिटचा बोळा मागून त्याने जुनी अक्षरं पुसली आणि नवी लिहिली. रेघ एका दमात ओढली, सरळ. मागे सरकून तिच्याकडे बघत तो इतका शांत उभा होता, की त्याला हवं ते मिळालंय हे सांगायला यंत्र लागलं नसतं.

मी अजूनही घरी जाताना शाळेवरून जाते. कंपाउंडला तीनदा चुना लागलाय. पावलं तिथे आपोआप मंदावतात, आणि मी निळा रंग शोधते. हे दादाला मी सांगितलेलं नाही.