सहा दहाची नोंद

तळहातावरचा दात खिडकीकडे धरला तर किंचित पिवळा दिसत होता, दिव्याखाली धरला तर राखाडी. खरा रंग कोणता हे ठरवायला तिने शेडची पट्टी उघडली, एकेक नमुना दाताशेजारी लावून पाहिला आणि तिसऱ्या नमुन्यापर्यंत आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण रंग पाहतच नाही आहोत. आपण सकाळच्या सहा दहाच्या नोंदीचा विचार करतोय. जी आज नाही.

साडेनऊ झाले होते. भट्टी तापत होती. कुणा अनोळखी बाईसाठी बनवलेला वरचा पुढचा दात दुपारपर्यंत दवाखान्यात पोचवायचा होता. सकाळपासून तिने चारदा फोन उघडला होता – अंथरुणात, बसमध्ये, लॅबच्या जिन्यात, हात धुतल्यावर – आणि चारही वेळा आईच्या खात्यातली शेवटची नोंद कालचीच होती. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटतही होतं. तरी हात पुन्हा फोनकडे जात होता.

लोक लेख, फोटो टाकतात अशा एका ॲपवरचं ते खातं. त्या ॲपवर नुसतं आवडलं म्हणायची सोय नाही. आवडलं तर कण द्यायचा. कण म्हणजे पैसाच, पण इतका बारीक की शंभर कणांत एक केळंही येऊ नये. आणि कोणी, कोणाला, किती वाजता दिला हे ब्लॉकचेनवर कायमचं लिहिलं जातं, जगात कुणालाही वाचता येईल असं. नावाच्या जागी आकडे-अक्षरांची लांब माळ असते, पण माळ कोणाची हे एकदा कळलं की संपलं. लॅबमध्ये हे वेड आणलं चष्मेवाल्याने. भट्टी तो सांभाळतो. “इथे फुकटचं कौतुक नाही, मॅडम. खिशात हात घातल्याशिवाय कोणी वा म्हणत नाही.” मग तिनेही खातं उघडलं, आपल्या हातच्या दातांचे फोटो टाकू लागली. यातला खरा कोणता, नकली कोणता, ओळखा. बऱ्यापैकी कण येत. दंतवैद्यांचे, इतर कारागिरांचे, एक-दोन रिकामटेकड्यांचे.

आईचं खातं तिनेच उघडून दिलं होतं. देणं लपवायची सोय तिला तेव्हाही माहीत होती – दर वेळी नवी माळ, देणारा-घेणारा सोडून कुणाला काही दिसत नाही – पण आईला ते झेपणार नाही म्हणून तिने साधं, उघडं खातं निवडलं. खरंच झेपणार नाही म्हणून? तेव्हा तरी तसंच वाटलं होतं. माळेची शेवटची चार अक्षरं मात्र पहिल्याच दिवशी पाठ झाली.

आणि मग सात महिने रोज सकाळी सहा दहाच्या आसपास त्या चार अक्षरांकडून एक कण धाकट्या बहिणीला. धाकटी तिकडे दूर, दुसऱ्या शहरात. तिथे बसून घराबद्दल लिहिते. खिडकीतला उजेड, आईचे हात, असलं. दातांच्या फोटोंना चार अक्षरांकडून एकही नाही. मी आईला गोळ्या देते, गुडघ्याला तेल लावते, दवाखान्यात रांगेत उभी राहते, त्याची नोंद कुठे होते? तेही एक वेळ चाललं असतं. पण मार्चमध्ये धाकटीने शिलाई मशीनबद्दल लिहिलं. ‘आई रात्रंदिवस शिवायची आणि तिची नजर अधू झाल्यावर सुईत दोरा मी ओवायचे, मशीनखाली बसून, पायडलच्या वाऱ्यात...’ मशीन विकलं तेव्हा धाकटी दोन वर्षांची होती! दोरा मी ओवला. तो वारा माझ्या मानेला लागायचा. आणि त्या लेखाला चार अक्षरांनी दिले पाच कण. एक नाही, पाच.

काल संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती सहज म्हणाली होती – सहज म्हणायची तयारी तिने आठवडाभर केली होती – “आई, ते कण तू देतेस ना, ते सगळं दिसतं बरं का.”

“कुणाला दिसतं?”

“सगळ्यांना.”

आईने हातातला टॉवेल खाली ठेवला. “म्हणजे पाकिटात घालून दिल्यासारखं नाही ते?”

“नाही.”

“तू बघतेस?”

“आजच दिसलं. सहज.”

आईने टॉवेल उचलला, त्याची चौकोनी घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. सात महिन्यांचं ‘आजच’ कोणी पकडू शकत नाही. देणाऱ्याची नोंद राहते, बघणाऱ्याची कुठेच नाही.

दात भट्टीत गेला. चष्मेवाला म्हणाला, “मॅडम, आज तुमचा चेहरा दोन शेड गडद आहे,” आणि स्वतःच हसला. तेवढ्यात फोन वाजला. धाकटी.

“ताई, आई उठली का गं?”

“उठली म्हणजे? अकरा वाजलेत.”

“बरी आहे ना?”

“मी निघाले तेव्हा चहा पीत होती. का?”

“आज कण आला नाही.”

ती जिन्यात आली, दार ओढून घेतलं. “म्हणजे?”

“अगं, आमचं ठरलंय तसं. उठली, गुडघा धड आहे, की एक कण. फोनवर ती कधी खरं सांगते का? मरायला टेकली तरी म्हणेल, मस्त आहे, तू जेवलीस का.”

“मग... लिहिलेलं वाचून नाही देत?”

“वाचते कुठली! ते बारीक अक्षर दिसतं का तिला? वर जे काही असेल त्यावर बोट.”

“आणि मार्चमध्ये पाच दिलेले?” तोंडातून निघून गेलं.

मग धाकटी सावकाश म्हणाली, “बोट पाचदा लागलं असेल. तू बघतेस होय?”

“कुणीतरी दाखवलं.”

“अस्सं.” धाकटी हसली, पण ते हसू बरं नव्हतं. “मी पण बघते, ताई. रोज यादी बघते, कोणी कोणी दिले. तुझी माळ मला तोंडपाठ आहे, लॅबच्या फोटोंवरून. सात महिन्यांत एकदाही नाही. मशीनचं लिहिलं तेव्हा म्हटलं, आज तरी देईल; दोऱ्याची गोष्ट तूच सांगायचीस ना मला झोपवताना? इतक्यांदा सांगितलीस, की माझीच होऊन गेली.”

“मला वेळ कुठे असतो वाचायला,” ती म्हणाली. जिन्यातल्या खिडकीच्या काचेवर कुणीतरी बोटाने भागाकार केला होता, बाकी न काढता सोडलेला.

“हो, ते पण आहेच. आईला फोन करते मी.”

“नको. नेटवर्क नसेल. मी बघते.”

चौदा वर्षं ती दात जुळवत आली होती: शेजारच्या दातात मिसळून जावा, कुणाच्या नजरेत भरू नये, हेच त्यातलं कसब. आपला शून्यही कुठेतरी दिसत असेल, रोज कुणी तो वाचत असेल, हे कसं सुचलं नाही? आणि तरी, लाज वाटत असतानाही, खाली दुसरंच काहीतरी चुरचुरत होतं. आमचं ठरलंय. कधी ठरलं? मी भाजी आणायला गेले होते तेव्हा? पाच कणांचा राग गेला, तर त्याच्या जागी हे येऊन बसलं होतं आणि जागा त्याला अगदी बरोबर पुरत होती.

दुपारी दात दवाखान्यात पोचवून ती चारच्या आतच घरी आली. आई खिडकीपाशी, फोन मांडीवर पालथा.

“लवकर आलीस?”

“काम संपलं.” ती शेजारी बसली. “आज धाकटीला कण नाही दिलास.”

“बंद करून टाक ते. चव्हाट्यावर कशाला?”

“ती घाबरली. मला फोन केला.”

आईने मान वळवली. गुडघ्यावरचा हात उगाच हलला. “मग?”

“लपवता येतं. तुझ्या फोनमध्ये दोन ठिकाणी बोट लावायचं. मग फक्त तुला आणि तिला दिसेल.”

“तुला नाही दिसणार?”

“नाही.”

आईने तिच्याकडे पाहिलं. चष्म्याशिवायचे डोळे, काही अंदाज लागू न देणारे. ती थांबून राहिली – आई म्हणेल, मग राहू दे, तुला दिसलं म्हणून काय बिघडतं, म्हणेल, तू तर समोरच असतेस, म्हणेल काहीतरी...

“मग बरं,” आई म्हणाली. “कर.”

फोन तिच्या हातात आला. पहिलं बटण दाबलं. दुसरं तिथेच होतं, अंगठ्याखाली, आणि खाली सूचना: यापुढील व्यवहार इतरांना दिसणार नाहीत. इतरांना. उद्या सकाळी सहा दहाला काय बघायचं? मधल्या एका भिंतीपलीकडे आई झोपते. सात महिने त्या वेळी ती जागी होती, फोनचा उजेड तोंडावर घेऊन, आणि आई उठताना आधी पाय खाली सोडते की आधी पंखा बंद करते, कण्हते की नाही, यातलं काहीच तिला आठवेना. आवाज तर येतच असणार. तिने भिंतीकडे पाहिलं, मग आईच्या पायांकडे, आणि अंगठा तसाच ठेवून ती ऐकल्यासारखी बसून राहिली.

“झालं का गं?” आईने विचारलं.