थोमाइसच्या मनगटावरची साखळी

मित्रांनो, मी एका बसवाल्या बाईच्या मनगटावरची जुनी चांदीची साखळी आहे. माझ्या मधोमध एक चपटी पट्टी आहे, बोटाच्या पेराएवढी. तिच्या दर्शनी बाजूवर एके काळी दोन शब्द कोरलेले होते. आता एकच उरला आहे. दुसरा का कोरला गेला आणि कसा पुसला गेला, तीच माझी गोष्ट.

माझा जन्म यानिना गावात, तळ्याकाठच्या चांदीकाम करणाऱ्यांच्या आळीत झाला. अनेस्तिस काकांच्या दुकानात तारेची नाजूक फुले, द्राक्षाचे वेल, मोराची पिसे घडत असत. माझ्या नशिबी असले काही नव्हते. काकांनी मला जाड कड्यांची, साधी आणि दणकट घडवले, कारण मी त्यांच्या पुतणीसाठी होते आणि त्यांना माझ्याकडून वेगळेच काम करून घ्यायचे होते.

ती पुतणी म्हणजे थोमाइस. वडील थकल्यावर त्यांची छोटी बस तिने चालवायला घेतली होती. सकाळी डोंगरातल्या गावांना जायचे आणि दुपारी माणसे, चीजचे डबे, कधी एखादे कोकरू घेऊन परत यायचे. तिचा नवरा लांब्रोस सुतार होता. सासूचे नाव स्तामाता. बोलायला फटकळ, पण सुनेला स्वतःच्या हाताने पालकाचे सारण भरून भाजलेली पीता करून घालणारी.

लग्नाला वर्ष होत आले असताना थोमाइसचा घसा धरला. गिळवेना. स्तामाताने कपाट उघडले आणि कॅप्सूलचे अर्धे पाकीट काढले.

"घे गं. लांब्रोसच्या दाढेच्या वेळच्या उरल्यात. चांगलं औषध आहे, वाया कशाला घालवायचं?"

"आई, डॉक्टरांना विचारू या का?"

"नुसत्या घशाला डॉक्टर? उद्या शिंक आली तरी जाशील!"

थोमाइसने कॅप्सूल घेतली आणि चहाचा कप विसळायला गेली. तेवढ्यात तिचे तळहात खाजू लागले. मग अंगभर लाल गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. लांब्रोसने शेजाऱ्याची दुधाची गाडी थांबवली आणि तिला उचलून आत घातले. इस्पितळात मांडीत इंजेक्शन दिले, तोंडाला प्राणवायू लावला, तेव्हा कुठे ती माणसात आली. त्या वेळी मी घडलेली नव्हते, पण लांब्रोसच्या तोंडून हे सारे इतक्यांदा ऐकले आहे की मी तिथेच होते असे वाटते.

डॉक्टरांनी तिला नीट समजावले, की ही पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे आणि त्या घराण्यातले कुठलेही औषध आता चालणार नाही. आधी कशाने असे झाले होते का, हेही त्यांनी विचारले. तेव्हा आठवले, की अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर तिचे डोळे दोनदा सुजून बंद झाले होते. घरच्यांनी ते डासांवर ढकलले होते.

"तू शुद्धीत असशील तर सांगशील," डॉक्टर म्हणाले. "नसशील तेव्हा कोण सांगणार?"

त्या प्रश्नातून माझा जन्म झाला. अनेस्तिस काकांनी पट्टीवर कोरले, पेनिसिलिन आणि त्याखाली अ‍ॅस्पिरिन. मागच्या बाजूला, देऊ नका. मला पुतणीच्या मनगटात अडकवताना ते म्हणाले, "वेलबुट्टी नाही काढली, पोरी. अक्षरं लांबून वाचता यायला हवीत."

सुरुवातीची वर्षे मी जोमाने काम केले. औषधाच्या दुकानात थोमाइस आधी हात पुढे करायची आणि मग तोंड उघडायची. दाताच्या डॉक्टरांकडेही तसेच. सर्दीच्या साध्या गोळ्यांतही अ‍ॅस्पिरिन लपलेले असते, हे तिला पाकिटे वाचता वाचता कळले. पण तिच्याहून जास्त काम स्तामाता करायची. त्या कॅप्सूलविषयी ती चकार शब्द काढत नसे. मात्र घरात नवा माणूस आला, की बसायला खुर्ची देण्याआधी सांगायची, "आमच्या सुनेला पेनिसिलिन चालत नाही हं!" पाद्रीबाबांना सांगितले, विजेचे मीटर बघायला आलेल्या माणसाला सांगितले, मासेवालीलाही सांगितले.

"आई, मासेवाली मला काय औषध देणार आहे?" थोमाइस वैतागायची.

"तू रस्त्यात पडलीस आणि ती तिथं असली तर? कळू दे सगळ्यांना!"

मग एका लग्नात माझे दिवस फिरले. थोमाइसने निळा रेशमी झगा घातला होता. तिची आत्या तिचा हात धरून सगळ्यांसमोर हसली.

"काय गं हे? कोंबड्यांच्या पायात घालतात तसली पट्टी? आणि काका चांदीवाला! त्याच्याकडची कांकणं संपली का?"

बायका हसल्या. थोमाइसही हसली, पण घरी येताच तिने मला काढले आणि शिवणाच्या खणात टाकले. बटणे, रिळे आणि एक मोडकी कात्री, हे माझे सोबती झाले. मी काळी पडत गेले. खण उघडला की थोडा उजेड यायचा, बटण शोधणारी बोटे मला बाजूला सारायची आणि पुन्हा अंधार. मित्रांनो, आपले काम संपले म्हणून कुणी बाजूला ठेवले, तर त्याचे काही वाटत नाही. काम बाकी असताना ठेवले, की जीव टांगणीला लागतो.

एकदा स्तामाताला कोटाला बटण लावायचे होते. तिच्या हाताला मी लागले. तिने मला उजेडात धरले, एप्रनने पुसू लागली, पण काळेपणा जाईना. मग राख घेऊन तिने मला घासघासून लखलखीत केले आणि थेट अंगणात गेली. थोमाइस बसची काच पुसत होती.

"हात कर पुढे."

"आई, आता सगळ्यांना माहीत आहे की. तुम्ही सांगायचं कुणाला ठेवलंय?"

"हात कर म्हणते ना!" स्तामाताचा आवाज चिरकला. "कुणी हसलं तर माझ्याकडे पाठव. मी बघते तिच्याकडे. पण ही काढायची नाही. माझ्यासाठी घाल."

थोमाइसने सासूकडे पाहिले. त्या दोघी त्या दिवसाविषयी कधीच बोलल्या नव्हत्या, तेव्हाही बोलल्या नाहीत. तिने ओला हात झग्याला पुसला आणि पुढे केला.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात समुद्रकाठच्या गावातले एक गाणारे मंडळ डोंगरातल्या उत्सवाला निघाले होते आणि त्यांनी थोमाइसची बस ठरवली होती. घाटात बर्फ लागला. चाके घसरू नयेत म्हणून त्यांना साखळ्या बांधायला ती खाली उतरली, वाकली, आणि वरच्या कड्यावरून सुटलेला धोंडा तिच्यावर आला. पाय मोडला, हाड बाहेर आले, डोके बसच्या पत्र्यावर आदळले. ती बेशुद्ध झाली. यानिनाकडचा रस्ता बर्फाने बंद होता, म्हणून गाणाऱ्यांनी एका ट्रकमधून तिला घाटाच्या पलीकडच्या गावातल्या इस्पितळात नेले. तिथे तिला कुणी ओळखत नव्हते. गाणाऱ्यांना तर तिचे नावही धड ठाऊक नव्हते.

"हिला कशाची अ‍ॅलर्जी?" परिचारिकेने विचारले.

"आम्हाला काय माहीत हो? आमची ड्रायव्हर आहे," एक जाड गायक रडवेला होऊन म्हणाला. "गाडी फार छान चालवते."

जखम चिखलाने भरली होती. ती चिघळू नये म्हणून लगेच औषध द्यायला हवे होते. सलाईनच्या नळीतून सोडायचे औषध तयार झाले. मी थोमाइसच्या जाड लोकरी बाहीखाली दडले होते. मला तोंड असते, तर मी किंचाळले असते.

नळी लावायला हात मोकळा हवा म्हणून एका डॉक्टरने कात्रीने बाही उभी कापली. कात्रीचे टोक माझ्यावर खट्कन आपटले. तो खाली वाकला.

"थांबा, सिस्टर! पेनिसिलिनवाली आहे. सोडलं का औषध?"

"नाही, आत्ताच लावत होते."

"बाजूला ठेवा ते. दुसऱ्या घराण्यातलं काढा. आणि दुखण्यावर अ‍ॅस्पिरिनही नको."

इतकेच झाले. गडबड नाही, आरडाओरडा नाही. दुसरी बाटली आली आणि थेंब थेंब पडू लागले. ज्याने मला वाचले, तो लगेच पायाकडे वळला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम असे बाही कापण्याइतक्या वेळात झाले.

थोमाइस घरी आली तेव्हा आत्या भेटायला आली होती. लांब्रोसने सगळे सांगितल्यावर ती मला हात लावून म्हणाली, "चांगली मजबूत केलीय हो अनेस्तिसने." स्तामाताने तिला दुसऱ्यांदा कॉफी विचारली नाही.

पुढे बरीच वर्षे गेली. दुसऱ्या घराण्यातली औषधे थोमाइसला लागू पडत, पण पोटाला त्रास देत. एकदा छातीचा आजार त्यामुळे महिनाभर रेंगाळला. मोडलेल्या पायाचा गुडघाही झिजत गेला आणि शेवटी तो बदलायचे ठरले. ऑपरेशनला औषध लागणार, म्हणून त्याआधी तिला मोठ्या इस्पितळात डॉक्टर मिर्तो यांच्याकडे पाठवले. या बाई अ‍ॅलर्जीच्याच डॉक्टर होत्या, वयाने तरुण, बोलायला शांत.

मला वाचून त्या म्हणाल्या, "ताई, अ‍ॅस्पिरिनचा शब्द राहू दे. पण पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी पुष्कळ जणांची काही वर्षांनी निघून जाते. तुमची आहे की गेली, ते इथे आमच्या डोळ्यांदेखत तपासता येईल."

बरोबर आलेली स्तामाता काठी आपटून उभी राहिली. आता ती पार म्हातारी झाली होती. "मी जिवंत असेपर्यंत नाही! ओठ कसे सुजले होते ते मी पाहिलंय. तुम्ही पाहिलं होतं का?"

"नव्हतं पाहिलं, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणूनच आधी सुईच्या टोकाएवढं देऊ. मग कणभर. काही झालंच तर इंजेक्शन माझ्या हाताशी तयार आहे. घरी कुणी असला प्रयोग करू नये, पण इथे करता येतो."

थोमाइस बराच वेळ मला बोटाने फिरवत राहिली. "आई, मला भीती वाटते," ती म्हणाली. "पण आयुष्यभर नुसतं घाबरून राहायचं, त्यापेक्षा एकदा विचारून तर बघू."

तपासणीच्या दिवशी तिने मला काढून सासूच्या हातात दिले. स्तामाताने मूठ मिटली. मला काही दिसत नव्हते, पण त्या मुठीवरून मी सगळे जाणत होते. सुई टोचली, मूठ आवळली. कातडीवर काही उठले नाही, मूठ तेवढीच आवळलेली राहिली. मग पाण्याबरोबर औषधाचा कण दिला, त्यानंतर थोडे जास्त आणि शेवटी अख्खी कॅप्सूल. माझ्या कड्या म्हातारीच्या तळहातात रुतल्या होत्या.

"तळहात खाजतायत का गं? खरं सांग."

"नाही, आई."

"घसा?"

"घसा बरा आहे. भूक लागलीय."

डॉक्टर येत होत्या, नाडी बघत होत्या, जात होत्या. खिडकीबाहेर कुणीतरी चेस्टनट भाजत होते, त्याचा वास आत येत होता. दुपार कलली तेव्हा डॉक्टर मिर्तो खुर्ची ओढून बसल्या. "गेली, ताई. पेनिसिलिन आता तुम्हाला चालेल."

मूठ एकदम सैल पडली. मी जमिनीवर पडले आणि कुणीही मला उचलले नाही, कारण स्तामाता रडत होती.

"मी दिली होती ती कॅप्सूल," ती डॉक्टरांना म्हणाली. "हिने विचारलं होतं, डॉक्टरांकडे जाऊ का म्हणून. मी नको म्हटलं."

थोमाइसने तिला जवळ घेतले. "आई, तुम्हाला काय वाटलं, मी हिशेब ठेवून बसलेय? मला तर तुम्ही मासेवालीला सांगायला गेला होतात तेच आठवतं."

रडता रडता म्हातारीला हसू फुटले. मग डॉक्टरही हसल्या आणि मला टेबलाखालून काढून टेबलावर ठेवले.

गुडघ्याचे ऑपरेशन नेहमीचे औषध देऊन झाले. जखम सुकली, पोटही बिघडले नाही. चालता येऊ लागल्यावर थोमाइस मला घेऊन तळ्याकाठी गेली. अनेस्तिस काकांचे हात आता थरथरत होते, पण कानस त्यांनी स्वतःच चालवली. वरचा शब्द झिजत झिजत गेला. खालच्या अ‍ॅस्पिरिनला मात्र त्यांनी पुन्हा धार दिली.

"जागा मोकळी झाली," ते म्हणाले. "आता काढू का एखादं द्राक्षाचं पान?"

थोमाइसने त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवले. "राहू दे, काका. मोकळीच छान दिसते."

मित्रांनो, आपला एक शब्द गेला म्हणून मला वाईट वाटले असेल, असे तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. ज्याची गरज उरली नाही ते ओझे उतरले आणि ज्याची आहे ते मी अजून वाहते आहे. तुमच्याकडे मात्र माझे एक मागणे आहे. एखादे औषध अंगावर उठले, तर त्याचे नाव विचारून घ्या, लक्षात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला सांगा. सांगायला लाजू नका. दुसऱ्याचे उरलेले औषध कितीही प्रेमाने दिले, तरी घेऊ नका. आणि वर्षे उलटली असतील, तर ती भीती अजून खरी आहे का, हे जाणत्या डॉक्टरांना विचारा. घरी मात्र करून पाहू नका.

आज सकाळी आम्ही डोंगरात निघालो. बस भरली आहे, मागे कुणाची तरी कोंबडी ओरडते आहे, आणि थोमाइसचा हात स्टिअरिंगवर आहे. वळण आले, की माझ्या रिकाम्या जागेवर ऊन पडते.